चालता न येण्याचा दाखला

सिंगापूरच्या फुटपाथवर चालता न येणाऱ्यांसाठीची बॅटरीवरची स्कूटर चालवायची, तर आता 'चालता येत नाही' असा डॉक्टरचा दाखला लागतो. तो तपासायचं काम माझं. सकाळपासून उन्हात उभं राहून माझ्या पायांचे तुकडे पडले होते.

तेवढ्यात सेंग हुआट अंकल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घेतलेली गरम कॉफी हँडलला अडकवून स्कूटरवरून आले.

"अंकल, दाखला?"

"घरी राहिला गं."

"मग स्कूटर जप्त करावी लागेल."

"जप्त? अगं पोरी, ही नेलीस तर मी बाजारात जाऊ कसा? दहा पावलं टाकली तरी गुडघे बोंबलतात!"

"नियम आहे, अंकल. मी तरी काय करू?"

"दाखलाच बघायचाय ना तुला? मग थांब इथेच, कॉफीकडे लक्ष ठेव. इथेच वर आठव्या मजल्यावर तर राहतो. लिफ्टला ही रांग, जिन्यानेच जातो."



कॉफी गार व्हायच्या आत अंकल दाखला घेऊन परतले, आणि 'रुग्णास चालता येत नाही' हे सही-शिक्क्यानिशी वाचून मीच त्यांच्या स्कूटरवर मटकन बसले.