धाकट्याची नळी

धाकट्या भावाचे नवे बूट, बिनलेसचे.

फोनवर किल्लीची खटखट आणि मित्राला सांगणारा धाकट्याचा आवाज, "तू उघड रे, माझे हात भरलेत."

कोरड्या बर्फाचा पांढरा धूर सोडणाऱ्या डब्यात, बोटाएवढी रक्ताची एक नळी.

त्या नळीसाठी ताई आठवडाभर जीव मुठीत धरून होती.

वडील स्नायू लुळे करणाऱ्या आजाराने गेले. दादालाही तोच, त्याला आता घास भरवावा लागतो. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या पेशी मरत जातात, आणि या घरात ते रक्तातूनच उतरलेलं. ताई प्रयोगशाळेत त्याच आजाराच्या मागे लागलेली. रक्तातले आरएनएचे इवलेसे तुकडे मोजायचे. पेशी मरू लागल्या की त्यातला एक तुकडा वाढतो, हातपाय कुरकुरायच्या आधीच.

धाकटा दूरगावी नोकरीला. रक्त द्यायचं म्हटलं की वर्षभर टोलवाटोलवी.

"तू बहीण आहेस की डास?" हल्ली त्याला टाइप करायचाही कंटाळा, नुसते बोललेले निरोप पाठवायचा.

"आळशा, एकदाच दे. दादाचं करताना तुझ्या काळजीने मी अर्धी झालेय."

यावर त्याचा निरोप, "बरं, देतो." आणि नळी आली.

प्रयोगशाळेच्या शिरस्त्याप्रमाणे तिच्यावर नाव नव्हतं, फक्त आकडा. मोजणाऱ्याचा हात आपल्या माणसाकडे झुकू नये म्हणून. तांबड्या पेशी फुटल्या नाहीत ना, ते ताईने पाहिलं. यंत्र तपासलं. पुन्हापुन्हा मोजलं. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यालाही मोजायला लावलं.

रेषा तळाशी. सपाट.

आकड्यापुढचं नाव वहीत पाहून तिने तिथूनच फोन लावला. "गाढवा, ठणठणीत आहेस!"

पलीकडे तो हसला. मग, "सांगत नव्हतो? आता माझा नाद सोड. दादाकडे बघ. स्वतःही जेव काहीतरी."

"आणि तू लग्नाचं बघ."

"ताई, एका वेळी एकच संकट!"

ती हसता हसता रडली. घरी येऊन दादाला घास भरवताना तिने सगळं सांगितलं. त्याची वाचा केव्हाच गेली होती. त्याने पापण्या मिटल्या, उघडल्या, पुन्हा मिटल्या. मग तिने स्वतःचं ताट वाढून घेतलं.

रक्त काढलं त्या सकाळी दवाखान्यात बाही वर केली ती धाकट्याच्या मित्राने. धाकटा बाहेर बाकावर बसला होता, पायात ते बिनलेसचे बूट; लेस बांधायला त्याची बोटं आता ऐकत नव्हती.