मौनाचा भरवसा

“श्रावणभर दिवे लागेपर्यंत तोंड उघडायचं नाही. बोलायचं ते मनात, देवाशी,” असं सासूबाईंनी लग्नाच्या वर्षी बजावलं होतं. एकोणीस श्रावण मी ते पाळलं.

म्हणूनच आज सकाळी माझा धाकटा दीर माझ्यादेखतच फोनवर बोलला. पिशवी देवघरात चौरंगाखाली ठेवली आहे, शुक्रवारी नमाज सुटला की मशिदीसमोर स्फोट होईल, असं तो दबक्या आवाजात सांगत होता. “वहिनीची काळजी नको,” तो हसला. “ती श्रावणात बोलत नाही. आणि देवभोळी आहे, म्हणजे आपलीच की!”

माझ्या हातातली वात अर्धीच राहिली.

“निनाद, ती पिशवी आता इथून हलणार नाही.”

तो दचकला. “वहिनी, व्रत मोडलंस! अगं, धर्माचंच काम आहे हे.”

“धर्माचं असतं तर आरतीसारखं मोठ्यानं सांगितलं असतंस. कुजबुजला नसतास.”

“आणि व्रत मोडल्याचं पाप?”

“ते माझं मी देवाशी बघून घेईन.”

त्याचा आवाज उतरला. “लहानपणी तू मला हातानं भरवलंयस. आता धरून देणार?”

“भरवलंय, म्हणूनच तुझ्या हातून एकही जीव जाऊ देणार नाही. शब्द देते.”

देवघराला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली. पोलीस ठाण्याची पायरी मी आजवर कधी चढले नव्हते. पदर सावरला, पायात चपला सरकवल्या आणि निघाले.