निसटलेला काना

"सतरा वेळा शूट केलं, मावशी," भाचा म्हणाला. "जमिनीवर पत्र पडलंय आणि नायिका ते ओलांडून जातेय. पडद्यावर काय दिसतं? बाई चिखल चुकवून चाललीय. शेवटी पत्र काढून टाकलं आणि तिला कोरड्या नदीतून चालत पाठवलं."

"ते सतरा वेळांचं आत बोलू नकोस," मावशी म्हणाली.

वाचनालयाचं सभागृह तासभर आधीच भरलं होतं. फळ्यावर विषय लिहिला होता, 'कादंबरी आणि चित्रपट'. त्याखाली कुणीतरी 'खून' असंही लिहून ठेवलं होतं आणि ते पुसायची तसदी कुणी घेतली नव्हती.

वाचक खवळले होते, आणि का खवळू नयेत? तीस वर्षं ही कादंबरी त्यांनी उराशी धरली होती. शेवटचं वाक्य तर तोंडपाठ. नवऱ्याचं 'परत ये' असं पत्र येतं आणि 'ते कोरडं पत्र ओलांडून ती निघून गेली.' त्या एका 'कोरडं'वर प्राध्यापक मंडळींनी पानंच्या पानं खरडली होती. आणि चित्रपटात या पोरानं पत्रच गायब केलं.

लेखिकाबाईंचा निरोप स्पष्ट होता. आज वाचकांसमोर शेवटाचा खुलासा करा, नाहीतर चित्रपटावरून माझं नाव काढा. नाव गेलं की शुक्रवारपासून पिक्चर उतरणार होता. भाच्याची पाच वर्षं त्यात गेली होती.

मावशीला तिथे सगळेच ओळखत होते. चौतीस वर्षं तिनं प्रुफं तपासली होती, या कादंबरीचीसुद्धा. मावशीच्या हातून अनुस्वारही निसटत नाही, असं छापखान्यात म्हणत. तिला त्याचा तोरा होता आणि तो ती लपवतही नसे. दुकानाची पाटी वाचतानासुद्धा तिचा हात पेन शोधायचा.

दारात म्हातारे प्रकाशक भेटले. मावशीनं विचारलं, "या कादंबरीचं हस्तलिखित जपलंय का हो तुम्ही?"

"कुठलं आलंय? गोदाम बदललं तेव्हा रद्दीत गेलं."

"अरेरे," मावशी म्हणाली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली.

भाचा बोलायला उभा राहिला आणि तिसऱ्या वाक्यालाच अडखळला. एका प्राध्यापकांनी संधी साधली. "पत्र ओलांडणं म्हणजे त्या नवऱ्याची भाषाच ओलांडणं. तुम्ही तर तिला फिरायला पाठवलंत." हशा पिकला. भाच्यानं खाली मान घातली. मंचावर बसलेल्या लेखिकाबाईंनी माईक पुढे ओढला.

मावशी उठली.

"थांबा बाई. चूक याची नाही, माझी आहे."

"बाईंनी लिहिलं होतं, 'ते कोरडं पात्र ओलांडून'. नदीचं पात्र. छपाईचे खिळे जुळवताना काना गळला आणि माझ्या नजरेतून सुटला. कळलं तेव्हा पुस्तक बाजारात गेलं होतं. लाजेपायी तीस वर्षं तोंड उघडलं नाही." ती प्राध्यापकांकडे वळली. "सर, नदी पहिल्या पानापासून आटत चाललीय. पत्र कोरं असतं. कोरडं असतं ते पात्र. याला मी कधी अवाक्षर बोलले नाही. छापील चूक समोर असताना या पोरानं बाईंच्या मनातली नदी ओळखली."

भाचा तिच्याकडे बघतच राहिला. मागून कुणीतरी म्हणालं, "आणि म्हणे अनुस्वार निसटत नाही." मावशीचे कान तापले. पण ती उभीच राहिली.

आता सगळे लेखिकाबाईंकडे बघत होते. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि मावशीला नीट निरखून पाहिलं.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "पात्रच होतं. चुकीच्या शब्दाचं इतकं कौतुक झालं की मलाही बोलवेना. चित्रपटाचा शेवट तोच माझा शेवट. माझं नाव राहील."

टाळ्यांनी छत खाली यायचं बाकी राहिलं. खून म्हणणाऱ्यांनीच भाच्याला गराडा घातला. "मला ते 'कोरडं' पहिल्यापासून खटकत होतं," असं सांगत प्राध्यापकांनी त्याचा हात सोडलाच नाही. भाचा कसाबसा सुटून मावशीकडे आला आणि तिच्या गळ्यात पडून लहान पोरासारखा रडला.

"तुझं नाव गेलं गं माझ्यापायी."

"जाऊ दे. पिक्चर राहिला ना?" मावशी म्हणाली. तिला इतका आनंद झाला होता की कुणाला काही बोललं तर आपणच रडू, असं तिला वाटत होतं.

गर्दी चहाकडे सरकली तेव्हा लेखिकाबाई एकट्याच तिच्याजवळ आल्या.

"पिक्चर बघून मी ढसाढसा रडले होते," त्या हळूच म्हणाल्या. "पण तसं म्हटलं असतं तर वाचकांनी मला फाडून खाल्लं असतं. तुम्ही सोडवलंत."

"मी फक्त माझी चूक कबूल केली, बाई."

"मी पत्रच लिहिलं होतं हो," लेखिकाबाई म्हणाल्या. "पुढच्या आवृत्तीत काना तेवढा आठवणीनं घाला."