माणूस गेल्यावरचा केर

शहाडची भाड्याची खोली सोडताना साईनाथ सामानाचा टेम्पो घेऊन पुढे गेला आणि त्याची बायको रुचिता साफसफाईसाठी मागे राहिली. घरमालकीण रखमाबाई दारातच उभ्या होत्या. "झाडून दिल्याशिवाय डिपॉझिट मिळायचं नाही."

"माणूस बाहेर पडल्या पडल्या केर काढत नाहीत, काकू. तो मयत नेल्यावर काढतात. जरा थांबते."

"मला ठाण्याला जायचंय. उरक."

रुचिताने झाडू घेतला. आतली खोली झाडून तिने दार लोटलं, बाहेरची झाडली आणि कंबर सरळ करायला थांबली.

आतल्या खोलीत झाडू चालूच होता. सावकाश, एकही कोपरा न सोडता.

रुचिताने हातातल्या झाडूकडे पाहिलं.

"दुसरा झाडू आहे का गं?" रखमाबाईंनी हळूच विचारलं.

"टेम्पोत गेला."

रुचिताने साईनाथला फोन लावला. नुसती रिंग जात राहिली. आतला आवाज उंबऱ्यापर्यंत आला आणि थांबला. मग दाराखालच्या फटीतून केर बाहेर सरकला.

त्यात धूळ नव्हती. लाह्या होत्या, तुळशीची पानं होती आणि ओला गुलाल.

रिंग अजून जात होती.