विक्रेतीची ओळख

तीन वर्षांपूर्वी कीर्ती चार वर्षांच्या लेकीला, इराला, कडेवर घेऊन जळगावहून पनवेलला पळून आली होती. नवऱ्याला पत्ता लागू नये म्हणून तिनं माहेरीही कळवलं नव्हतं. शेजारच्या निशाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

कीर्ती लहान मुलींचे फ्रॉक शिवायची. निशानंच तिला ऑनलाइन दुकान उघडून दिलं, पण महिनाभर एकही ऑर्डर आली नाही.

"स्वतःबद्दल काहीच लिहिलं नाहीस गं तू," निशा म्हणाली. "लोकांना फ्रॉक शिवणारं माणूस दिसायला हवं."

"मला नाही जमायचं ते."

"थांब, मीच लिहिते."

निशानं घरी जाऊन, कीर्तीला न दाखवताच, अगदी मनापासून लिहिलं. एकटी आई, तिची लेक, तळोजा रस्त्यावरच्या सोसायटीचं नाव, खिडकीतलं शिलाई मशीन. वर मायलेकींचा हसरा फोटोही टाकला.

दुसऱ्याच दिवशी ती मोबाइल नाचवत आली. "अगं, पहिली ऑर्डर! सात वर्षांच्या मुलीचा फ्रॉक. मेसेज तूच वाच."

कीर्तीनं वाचला.


"फ्रॉक इराला घालून ठेव. न्यायला येतोय."