स्वच्छ माती

पाऊस पडला की पुलाखालच्या ओढ्यात मासे मरायचे. टायर झिजून रस्त्यावर जी पूड पडते, तिचं विष पाण्याबरोबर खाली उतरतं. ते अडवायला जावईबापूंनी पुलाशेजारी माती-वाळूचा गाळणखड्डा बांधला आणि राखायला मला ठेवलं.

चार वर्षं खड्डा पोटच्या पोरासारखा जपला, तरी मासे मरतच राहिले. "माझंच काहीतरी चुकतंय," मी म्हणायचो.

"छे हो मामा! माती बघा किती स्वच्छ ठेवलीय तुम्ही," जावईबापू म्हणायचे. माझी छाती फुगायची.

काल पलीकडच्या पुलाचा खड्डा राखणारी बाई आली. मी मिरवत मूठभर माती तिच्या हातावर ठेवली. तिने ती बोटांनी चोळली.

"दादा, माझी तर दरवर्षी काळीकुट्ट निघते. तुमच्या खड्ड्यात रस्त्याचं पाणी येतं तरी का?"

मी कुदळ घेतली. खडीखाली रस्त्याचं पाणी खड्ड्यात आणणाऱ्या नळाचं तोंड होतं. त्याच्यामागे हातभर खणलं. तिथे नळच नव्हता, नुसतं तोंडच पुरलेलं.

घरी आलो तर लेक हरखून म्हणाली, "बाबा, यांना आणखी तीन पुलांचं काम मिळालं! म्हणतात, राखायला बाबांसारखीच माणसं हवीत."