अर्धी अरबी

छप्पन साली दाभोळचा गफूर कुवेतला येऊन मासळीच्या बोटीवर लागला, आणि महिन्याच्या आत त्याने जाहीर करून टाकलं की अर्धी अरबी तर आपलीच आहे. "हिसाब, किताब, दुकान, हवा. आणि नोखदा म्हंजे तरी कोण? आपला नाखवाच की."

थंडी सरली तशी बोट शत-अल-अरब नदीच्या मुखाशी जाऊन थांबली. भरतीबरोबर समुद्रातली मासळी नदीत शिरायची. नोखदाने हुकूम देताच गफूरने जाळं सोडायचं, असं ठरलं होतं. पाणी चंदेरी झालं आणि नोखदा ओरडला, "सबूर!"

गफूरचे हात शिवशिवत होते, पण तो थांबला.

"सबूर, सबूर!"

गफूरने समजूतदारपणे मान डोलावली आणि जाळं आणखी घट्ट धरलं. सगळी मासळी बोटीखालून निघून गेली.

नोखदाने कपाळावर हात मारला, तोंडाला येईल ते बोलून घेतलं आणि शिडाच्या सावलीत जाऊन आडवा झाला. जुना खलाशी हारून तेवढा हसत होता.

"शाण्या, ह्यांच्यात सबूर म्हंजे आपला पाला मासा. तो तुला मासळी दाखवत होता."

गफूरचं तोंड एवढंसं झालं. "मग आता काय करायचं, हारूनचाचा?"

"आता काय? पुढल्या भरतीपर्यंत सबूर."

नुकताच डोळा लागलेला नोखदा ताडकन उठला आणि जाळ्याकडे धावला.